उंबरटेकची तहकूब सभा

२ नोव्हेंबर १९८७, सोमवार
पाटोदा

आजपासून मी फिरतीवरची माणूस! नेमणुकीच्या पत्रात स्वच्छ लिहिलंय: महिला दूध संस्था संघटक, आणि पुढे कंसात, फिरती. तो कंसातला शब्द मी बीडपासून पाटोद्यापर्यंत एसटीत इतक्या वेळा वाचला की शेजारच्या बाईंना वाटलं, मला कुणाचं तरी खास पत्र आलंय. त्यांनी कोपराने ढोसून विचारलंही, कुठला हाय गं पोरगा?

सकाळी चकलांब्यात आमच्या दारातून एकदमच दोन गाड्या सुटल्या म्हणायच्या. एक कारखान्याचा ट्रक. त्यात आई, दादा, दोघे भाऊ, कोयते, तवा, पाटा-वरवंटा, कोंबड्या आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा सगळा संसार. दुसरी माझी एसटी. दादांनी माझी पेटी स्वतः टपावर चढवली आणि कंडक्टरला उगाच बापाच्या तोऱ्यात सांगितलं की पोरगी बी.ए. झालेली आहे, जपून न्या. आई ट्रकमधून शेवटपर्यंत कुरकुरत होती. मास्तरीण झाली असतीस तर सुटीत तरी तोंड दिसलं असतं, म्हणे. फिरायची नोकरी कावून पाहिजे तुला? आमी काय कमी फिरलो का? सांगली झाली, कोल्हापूर झालं, पार कर्नाटकात जाऊन आलो.

मी विचारलं, मग कोल्हापुरात काय काय पाहिलंस?

ती म्हणाली, ऊस.

ट्रकमधल्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. पण तो शब्द दिवसभर माझ्याबरोबर गाडीत बसून आला. मला तसं फिरायचं नाही. मला जायचंय, बघायचंय आणि माझ्या मनाने परत यायचंय. भूगोल घेऊन मी पदवीधर झाले, नद्यांची खोरी मला पाठ आहेत, आणि अजून मी आगगाडीत बसलेले नाही. आमच्या घरात पहिली पदवी माझी. पहिली नोकरी माझी. आता बघायचं तेही पहिलं माझंच असणार.

खोली केशरबाईंकडे मिळाली, स्टँडच्या मागे. त्या एकट्याच राहतात, बोलायला तिखट आहेत. दुष्काळामुळे टँकर येईल तेव्हाच पाणी. माझी नोकरी फिरतीची आहे हे ऐकून त्या खूष झाल्या. तुमी गावाला गेलात की तुमच्या वाटणीचं पाणी माझं, म्हणाल्या.

५ नोव्हेंबर, गुरुवार

दूध संघाकडे एकच जीप आहे. ती सोमवारी चेअरमनसाहेबांच्या भाचीच्या लग्नात होती, मंगळवारी कडबा आणायला आष्टीला गेली, काल आणि आज ती दारात उभी आहे, पण डिझेल नाही. मी कार्यालयात बसून दुधाच्या कॅनवरच्या चिठ्ठ्यांना खळ लावते आहे. संध्याकाळी बोटं एकमेकांना चिकटतात.

जीपचे ड्रायव्हर उत्तरेश्वरभाऊ लिंबाखाली झोपलेले असतात. मी चौथ्यांदा विचारल्यावर त्यांनी तोंडावरचा रुमाल न काढता सांगितलं, ताई, फिरती नोकरी म्हंजी असं हाय, जीप फिरती, आपण बसतो.

व्यवस्थापक अर्जुनराव सभ्य आहेत. प्रत्येक वेळी म्हणतात, बघू. त्यांचं ते 'बघू' ऐकून ऐकून मला कळलं की त्यात बघणं नसतंच.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आज भांडले. खरं म्हणजे भांडायचं ठरवून गेले आणि अर्धं रडू आलं, त्याचा राग वेगळा. मी म्हटलं, गावागावांत बायांच्या संस्था उभ्या करायला मला घेतलंय की खळ लावायला? दुष्काळात शेत पिकत नाही तेव्हा एक म्हैस घर चालवते, हे तुमच्याच पत्रकात छापलंय. ते बायांपर्यंत कोण नेणार?

अर्जुनरावांनी चष्मा पुसला. मग म्हणाले की एक गाव आहे, उंबरटेक. डोंगरपट्ट्यात, खिंडीपलीकडे. तिथे आजवर कुणाला संस्था काढता आली नाही. वर्ष संपायच्या आत तुम्ही ती काढा, जानेवारीत गुजरातेत प्रशिक्षणाला संघ एक माणूस पाठवणार आहे, ते नाव तुमचं. आणि तिथून आल्यावर जिल्हा संघटक. सगळा जिल्हा तुमचा.

गुजरात! म्हणजे आगगाडी. एक रात्र आणि एक दिवस, खिडकीजवळ. मी बाहेर येऊन उत्तरेश्वरभाऊंना उंबरटेकला जायचंय म्हणून सांगितलं, तर त्यांनी पहिल्यांदाच तोंडावरचा रुमाल काढला. आता? ऊसतोडीच्या दिसात? तिथं कोण हाय आता, ताई?

मी म्हटलं, गाव आहे म्हणजे कुणीतरी असेलच. ते म्हणाले, तेच तर.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटी गेले! जीपने खिंडीपर्यंत. पुढे उत्तरेश्वरभाऊ आले नाहीत. टायर कच्चा आहे म्हणाले. चारही टायर मला सारखेच दिसत होते.

खिंडीतून उंबरटेक खाली वाटीत ठेवल्यासारखं दिसतं. दुपारचं ऊन, एकही झाड हलत नाही. गाव पूर्ण रिकामं आहे. सगळे कारखान्याला गेलेत, म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना घेऊन. आमच्याकडे निदान म्हातारी माणसं तरी मागे राहतात. इथे प्रत्येक दाराला कुलूप आणि उंबऱ्यावर बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकलेली, कुत्री शिरू नयेत म्हणून. विहिरीच्या तळाला नुसती भेगाळलेली माती.

आणि प्रत्येक कुलूपबंद घरापुढे शेणाचा ओला सडा. त्यावर चार ठिपक्यांची रांगोळी.

मी पहिल्यांदा खूषच झाले. सडा आहे म्हणजे बाई आहे. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर भिवराबाई भेटल्या. वय कळत नाही, साठ असेल, कमीही असेल. त्यांनी मला पाहिलं आणि अशा उठल्या की जणू मी येणार हे त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. घागरीतलं पाणी दिलं. इतकं गार पाणी मी दिवाळीनंतर प्यायले नव्हते. विहीर कोरडी, मग पाणी कुठलं, असं विचारलं तर हसून म्हणाल्या, बसलेल्या बाईला पुरतं तेवढं मिळतं.

त्यांनी सांगितलं ती रीत मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. आमच्या गावात अशी नाही. दसऱ्यानंतर उंबरटेकची माणसं कारखान्याला निघतात तेव्हा एका बाईला मागे 'बसवतात'. प्रत्येक घरची बाई तिच्या ओटीत पसाभर जवारी घालते. मग तिने रोज सगळ्या घरांपुढे सडा टाकायचा, दिवेलागणीला एकेका उंबऱ्यावर दिवा दाखवायचा, आणि दाराशी कुणी हाक मारली तर आतल्या माणसाच्या वतीने ओ द्यायची. घर रिकामं आहे असं घराला कळू द्यायचं नाही. बसलेली बाई शिवेबाहेर जात नाही, दुसरी बसेपर्यंत.

मी विचारलं, तुम्ही कधी बसलात? भिवराबाईंना ते नीट आठवेना. लग्न होऊन आले, दोन पाऊस झाले आणि बसले, म्हणाल्या. मग पावसाळ्यात सगळे परत येतात तेव्हा तरी? न्हाई गं बाई, एकदा बसलं की बसलं.

मला फार राग आला. त्यांच्यावर नव्हे, त्या रीतीवर. एका बाईचं अख्खं आयुष्य दारांना पाणी शिंपडण्यात! मी त्यांना दूध संस्थेबद्दल, बाहेरच्या जगाबद्दल भरभरून सांगितलं. त्यांना दुधात काही रस नव्हता. त्यांचे प्रश्न वेगळेच. पाटोदा केवढं हाय? आगगाडीला बैल न्हाईत तर ती चढावर कशी जाते? समुद्राचं पाणी एका जागी उभं ऱ्हातं का? मला भूगोलाच्या इतक्या चांगल्या विद्यार्थिनी कॉलेजातही भेटल्या नव्हत्या. निघताना त्यांनी माझ्या चपला हातात घेऊन तळ उलटून पाहिले. कुठंकुठं गेल्यात ह्या, म्हणाल्या.

मी सभा घ्यायची आहे हे सांगितलं. बाया कुठून आणायच्या? भिवराबाई म्हणाल्या, तुमी बोलवा, येतील.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

संस्था झाली!!

सगळं क्रमाने लिहिते. सभेची वेळ दुपारी ठेवली होती. मी देवळापुढे सतरंजी अंथरली, पत्रकं मांडली. भिवराबाई आणि मी. तिसरं माणूस नाही. उत्तरेश्वरभाऊ वर खिंडीत. बोलवा, येतील, म्हणणाऱ्या भिवराबाईंवर मी चिडले. त्या शांत होत्या. मग मला नियम आठवला, सहकारात सगळेच वापरतात तो: गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करायची, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची. त्या दुसऱ्या सभेला गणपूर्ती लागत नाही. जे हजर असतील ते सभासद. संघाच्या निम्म्या सभा अशाच होतात म्हणे, पहिली कागदावर आणि दुसरी चहावर.

तर मी उभी राहून, रिकाम्या सतरंजीकडे बघत, मोठ्याने वाचलं की आजची सभा तहकूब करण्यात येत आहे, ती याच ठिकाणी पुन्हा भरेल, आणि तेव्हा जे कोणी येतील त्यांना सभेचे सर्व अधिकार राहतील. आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला. मला माझंच हसू आलं. मग देवळामागे सावलीत जाऊन डबा खाल्ला.

परत आले तर सतरंजी भरलेली होती.

बाया. दाटीवाटीने बसलेल्या, मागच्या ओट्यावरही. पदर पुढे ओढलेले, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने पांढरे. हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे. मला वाटलं, आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या असतील, तोडीहून लवकर आल्या असतील. इतक्या बाया इतक्या गप्प मी पाहिल्या नव्हत्या, पण नवी मॅडम, नवी भाषा, बुजल्या असतील. भिवराबाई सगळ्यांना घागरीतून पाणी देत होत्या आणि त्या पीतच होत्या.

माझं भाषण चांगलं झालं. अंगठे घेतले. त्या ठशांमध्ये एकही रेघ उमटत नव्हती. नुसते काळे गोल. आईचा अंगठाही असाच उमटतो, कोयत्याच्या मुठीने रेघा झिजतात, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही.

अडलं ते सचिवावर. सचिव गावातली हवी आणि लिहिता येणारी हवी. कुणालाच येत नव्हतं. अर्जुनरावांनी अशा वेळी काय करायचं ते आधीच सांगितलं होतं: कागदापुरतं आपलं नाव घाला, माणूस मिळाला की बदलू. कागद काय विचारायला येतोय का, कुठं राहता म्हणून? खोटं लिहायला माझा हात जरा अडखळला. पण भिवराबाई म्हणाल्या, तुमीच बसा की बाई. आणि सगळ्या बायांनी एकदम मान हलवली. मी लिहिलं: सचिव, कु. संजीवनी धोंडीराम, राहणार उंबरटेक. मोठ्याने वाचून दाखवलं. मंजूर.

मग एकेक बाई उठली आणि माझ्या पदरात मूठभर जवारी घालून गेली. मी म्हटलं, अहो, माझं लग्न झालेलं नाही, माझी कसली ओटी? भिवराबाई म्हणाल्या, बसणारीची भरत्यात. त्या बायांची बोटं उन्हातही गार होती. मला भरून आलं. संघाच्या माणसाला कोण असं काही देतं!

खिंडीत आले तर उत्तरेश्वरभाऊंनी विचारलं, इतका वेळ कुणाशी बोलत होता, ताई? म्हटलं, एवढी सभा दिसली नाही? त्यांनी जीप तेवढी जोरात हाणली.

२८ नोव्हेंबर, शनिवार
पाटोदा

अर्जुनराव खूष. शाबास, म्हणाले. गुजरातचं नाव पक्कं. घरी पत्र टाकायचं तर आई-दादा कुठल्या उसाच्या फडावर आहेत तेच माहीत नाही.

सकाळी खोलीचं दार उघडलं तर उंबऱ्यापुढे ओला सडा होता. केशरबाई माझ्यावरच ओरडल्या. प्यायला पाणी न्हाई आणि तुमाला सडे सुचत्यात!

मी टाकला नव्हता. पण माझ्या नखांत शेण होतं.

१ डिसेंबर, मंगळवार

आष्टीला दोन गावांत बैठका होत्या. एसटीत डोळा लागला. कंडक्टरने हलवून उतरवलं. उतरले तो उंबरटेकचा फाटा. मी चिडून म्हटलं, मला आष्टीला जायचंय. त्याने तिकीट दाखवायला लावलं. तिकीट फाट्याचंच होतं. तुमीच मागितलं की, म्हणाला, वर सुटे पण तुमीच दिले, आता भांडता कावून?

पाटोद्याला परतताना सगळा वेळ उभी राहिले, डोळे मिटू नयेत म्हणून. एवढी खटपट करून मिळवलेली फिरती आणि मी फिरते आहे ती एकाच गावाभोवती.

४ डिसेंबर, शुक्रवार

जीप मिळाली. बीडला कागद पोचवायचे होते. मी पुढे बसले, रस्त्यावरून नजर हलवली नाही. वळणं बरोबर होती, दगड बरोबर होते, बीडच्या अलीकडचा पूलही दिसला. पूल ओलांडला आणि समोर खिंड.

उत्तरेश्वरभाऊंनी करकचून ब्रेक दाबला. त्यांनी गाडी मागे घेतली, पुन्हा गेलो, पुन्हा पूल, पुन्हा खिंड. तिसऱ्यांदा त्यांनी मला उतरा म्हणून सांगितलं. माफ करा ताई, मला लेकरं हायत. मी उतरून बाजूला झाले आणि जीप एकटी सरळ बीडच्या रस्त्याला लागली. मी बघत होते. तिला काहीच अडचण आली नाही.

पाटोद्याला चालत यायला निघाले. मी चालतच होते. दिवेलागणीला जिथे पोचले तिथे देऊळ होतं, आणि भिवराबाई ओट्यावर वाट बघत होत्या. रात्र इथेच.

६ डिसेंबर, रविवार
उंबरटेक

भिवराबाई गेल्या.

आज मी त्यांना धरूनच बसले. खरं सांगा, म्हटलं. त्यांनी सांगितलं. आवाज अगदी साधा होता, भाकरीचं पीठ किती घ्यायचं ते सांगावं तसा. तोडीला गेलेलं माणूस तिकडंच मेलं तर तिकडंच जाळतात. कुणी उसाची गाडी अंगावर पडून, कुणी बाळंतपणात, कुणी पान लागून, साप चावून. कोण आणणार इतक्या लांबून? पण मेलेल्या बायांना दुसरं गाव माहीत नसतं. त्या चालत घरी येतात. दमून, तहानेने. घराला कुलूप दिसलं आणि आतून ओ आली नाही, तर त्या उलट्या वळतात आणि आपल्या जित्या माणसांना शोधत फडावर जातात. एकदा तसं झालं होतं. त्या साली निम्मी टोळी परत आली नाही. तेव्हापासून एक बाई बसवतात.

म्हणजे माझ्या सभेला ज्या आल्या त्या.

मी कसं विचारलं ते मला आठवत नाही. भिवराबाई म्हणाल्या, तुमीच बोलावलं की. ज्या येतील त्यांची सभा, असं तुमीच म्हणाला. आजवर कुणी त्यांना असं मानानं बोलावलं न्हवतं. आणि बसायचं म्हंजी आपल्या तोंडानं, मी हितली, असं बोलावं लागतं, जबरदस्ती चालत न्हाई. तुमी तर लिहून वाचून दाखवलं.

मी त्यांना नको ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लई वर्सं झाली बाई, एवढंच म्हणाल्या. मला पण बघायचं हाय.

गठुडं बांधलेलंच होतं. मी त्यांच्या मागे शिवेच्या दगडापर्यंत गेले. तिथे त्या थबकल्या, एक पाय पलीकडे टाकला, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, काहीतरी होईल म्हणून. काही झालं नाही. मग दुसरा पाय. मग त्या हसल्या, पोरीसारख्या, तोंडावर पदर धरून. आणि चढ चढत गेल्या, एकदाही मागे न बघता.

मी पळत त्यांच्या मागे गेले. दगड ओलांडला. चढ संपला तेव्हा समोर देवळाची मागची बाजू होती.

डिसेंबर. बुधवार असावा

उत्तरेश्वरभाऊ खिंडीत येऊन माझी पेटी ठेवून गेले. मी हाका मारल्या. ते वरूनच ओरडले की अर्जुनराव म्हणतात, सचिव गावातच राहतात हे बरं झालं, तपासणीला अडचण नाही. गुजरातला त्यांचा पुतण्या जातोय.

मी हसले. मग दगड फेकले, ते गेल्यावर.

मी सडा टाकणार नाही. ओ देणार नाही. मी शिकलेली आहे. मी या रीतीला मानत नाही.

डिसेंबर

आज एक आली.

ऐन दुपारी, खिंडीतून. पाय पांढरे, कडेवर काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं. तिसऱ्या घरापुढे उभी राहिली. कोण हाय का घरात? मी देवळात कानांवर हात ठेवून बसले. कोण हाय का? चार वेळा. मग ती खाली बसली आणि उंबऱ्याची माती चाटायला लागली, जिथे भिवराबाईंचा सडा वाळला होता तिथे. फडक्यातल्यालाही तिने बोटाने चाटवलं.

मग उठली आणि खिंडीकडे तोंड केलं. जित्यांकडे.

मी ओरडले — ओ! आहे घरात! आहे —

पाणी दिलं. घागर भरलेली होती. मी भरली नव्हती.

—

रोज सडा टाकते. शेण कुठून येतं विचारत नाही.

जास्त येतात आता. दुष्काळ. गेलेली माणसं जास्त, म्हणून —

त्या घरात जाऊन बसतात. कुलपं तशीच. बाहेरून मी बोलते, आतून ऐकू येतं, पाटा सरकल्याचं.

नद्या म्हणत होते आज. उगमापासून. गोदावरी, सिंदफणा, मांजरा — मांजरा कुठून निघते? पाटोद्याच्याच डोंगरातून — इथूनच — ती सुद्धा गेली —

—

खिंडीत बाई. चालीवरून ओळखलं.

आई.

पाय पांढरे. गुडघ्यापर्यंत.

नको. नको. आई, तू नको. हे तुझं गाव नाही — पण मी लिहिलं ना, राहणार उंबरटेक. माझं घर इथे म्हणजे — ती माझ्याकडे येणार — कुठल्या फडावर गेली — कोणी जाळलं —

नंतर

जिवंत आहे! आई जिवंत आहे. शिवेच्या दगडापासूनच शिव्या द्यायला सुरुवात केली. तोंडाला मिश्रीचा वास. सावली पडते तिची. घाम आहे. मी तिच्या अंगाला हात लावून लावून पाहिलं तर म्हणाली, मी काय बाजारातली म्हैस हाय का?

आईच्या फडावर शेजारच्या कोपींत, पाचटाच्या झोपड्यांत, उंबरटेकची टोळी आहे. तिथे भिवराबाई पोचल्या. सगळ्यांना सांगितलं की चकलांब्याची एक शिकलेली पोर बसलीय. आईने कोयता तिथेच टाकला. दादांना सांगितलंसुद्धा नाही. मिळेल त्या ट्रकने, पुढे पायी.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि गाव बघत होती. घरं, उंबरे, घागर. फार वेळ बघत होती.

मग म्हणाली, हितं ऊस न्हाई.

म्हणाली, बारा वर्सांची असल्यापासून वाकतेय. एका घरात दोन सण सलग बघितले न्हाईत. सडा-सारवण मला येतं, तुला धड ते बी येत न्हाई, बघ कसा टाकलाय. तू जा. मी बसते.

मी नाही म्हटलं. ठाम म्हटलं. दोनदा.

ती ओट्यावर टेकली आणि मोठ्याने बोलली — मी हितली. आता मी हितलीच.

दारं वाजली. सगळी, एकदम. बाया बाहेर येतायत. मुठी मिटलेल्या, जवारीच्या. रांगेने, आईकडे. आईने पदर पसरलाय.

अजून भरली नाही ओटी. पहिलीच बाई पोचलीय. मी तिला हाताला धरून उठवू शकते. उठवणारच आहे. हे चूक आहे, माझी चूक तिने का भोगायची, मी तिला उठवते —

पण माझे पाय हलके लागतायत. किती दिवसांनी. वारा लागतोय अंगाला, खिंडीकडून.

एकदा फक्त दगडापर्यंत जाते. पाऊल पलीकडे पडतं का एवढंच बघते. पडलं की लगेच मागे येईन आणि तिला उठवीन. तिला हाक मारत नाही, उगाच — वहीत एवढं लिहून ठेवते, म्हणजे — दगडापर्यंतच, आणि लगेच पर